रिव्हॉल्व्हरचे मोल पाणी चढवून वाढत नाही

मा. संपादक,
स. न.

नौपाडा, चरई, पाचपाखाडी इथली जुनी कौलारू घरे आणि चाळी पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून ठाण्यात माळ्यावरच्या पेट्या खाली उतरत आहेत. त्यातून कधी तांब्याचा बंब निघतो, कधी पणजोबांचे फेटे, आणि क्वचित तेलकट फडक्यात गुंडाळलेले एखादे रिव्हॉल्व्हर. मग घरातले एक माणूस मोबाइलवर परदेशी लिलावातला आकडा शोधते आणि दुसरे ते हत्यार घासून लख्ख करायला बसते. आकड्याने डोके फिरते, घासण्याने किंमत जाते. वर्तमानपत्रेही लिलावाच्या बातमीत डॉलरचे रुपये करून मथळा देतात, पण तो आकडा नेमका कशाचा, हे सांगत नाहीत. पत्र लांबले आहे, पण हा विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजलिसला बोनहॅम्स या लिलावगृहाच्या लिलावात कोल्ट या अमेरिकन कंपनीचे एक रिव्हॉल्व्हर ६० लाख ३० हजार डॉलरना गेले. त्या वेळच्या दराने हे जवळजवळ ४५ कोटी रुपये होतात. मॉडेल होते सिंगल अ‍ॅक्शन आर्मी. ते १८७३ पासून निघाले आणि त्याच्या पहिल्या पिढीचेच साडेतीन लाखांहून अधिक नग बनले. म्हणजे हत्यार दुर्मिळ मुळीच नव्हते. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ साली बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला मारले ते याच नगाने, आणि तो पुढे कोणाकोणाच्या हातातून गेला याची कागदांची साखळी शाबूत होती. ४५ कोटी त्या साखळीला मिळाले. ती तुटली असती, तर तेच लोखंड शेजारच्या टेबलावर एखाद्या चांगल्या मोटारीच्या भावात विकले गेले असते.

उलटे उदाहरण कोल्ट वॉकरचे. १८४७ साली जेमतेम ११०० नग बनले, त्यांतले हजार लष्कराचे आणि शंभरेक खासगी विक्रीचे. वजन दोन किलोहून थोडे जास्त. खासगी विक्रीतला असा एक नग २०१८ मध्ये अमेरिकेत १८ लाख ४० हजार डॉलरना गेला. इथे दुर्मिळपणा खरा होता, पण त्याच्या जोडीला मूळ पेटी होती, मूळ झळाळी (कारखान्यात लोखंडावर चढवलेला रंगाचा थर) होती आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा माग होता. लष्करात रगडलेला, चक्री (गोळ्या भरायचा फिरता भाग) बदललेला वॉकरही तितकाच दुर्मिळ, पण तो या भावाच्या जवळपासही फिरकत नाही. शिवाय छापून येणाऱ्या आकड्यात हातोडा पडला त्या बोलीवर खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले प्रीमियमही असते, बहुधा बोलीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके. विकणाऱ्याच्या हातातून पुन्हा कमिशन कापले जाते. म्हणून मथळ्यातला आकडा मालकाच्या खिशात कधीच पूर्ण पडत नाही.

'जगात एकच आहे' हा दावा सगळ्यात स्वस्त. खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदमखेल गावात हाताने घडवलेले प्रत्येक रिव्हॉल्व्हर जगात एकच असते. त्यावर वेब्ली या इंग्लिश कंपनीचे नाव वाकड्या अक्षरांत, कधी उलट्या 'एन'सह ठोकलेले असते, आणि संग्राहक त्याची किंमत गमतीपुरतीच धरतो. दुर्मिळपणाला मोल येण्यासाठी ती वस्तू हवी असणारे लोकही लागतात.

आपल्याकडे गाडे अडते ते नेमके इथे, आणि ते कायद्यामुळे. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बनावटीची हत्यारे कायदा 'अँटिक' म्हणून बाजूला ठेवतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अशी सालाची रेषाच नाही. कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालणार नसले पाहिजे. शंभर वर्षांचे वेब्ली तेल घातले की चालते, म्हणून त्याला परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे, पूर्वी तीन होती. बेकायदा बाळगल्यास दोन ते पाच वर्षे, आणि हत्यार प्रतिबंधित बोरचे असल्यास सात ते चौदा वर्षे कैद.

बोर म्हणजे नळीच्या भोकाचे माप, पण 'प्रतिबंधित बोर' म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवे. .३८० आणि .४५५ (मापे इंचांत) ही रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली, लष्करी काडतुसे ज्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बसतात आणि उडतात, ती सगळी प्रतिबंधित. आता पहिल्या महायुद्धातले प्रसिद्ध वेब्ली मार्क सहा .४५५ चे. १९३२ पासूनचे एन्फील्ड नंबर दोन .३८० चे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला पुरवलेले .३८ चे वेब्ली मार्क चार आणि 'व्ही' अक्षराने नंबर सुरू होणारे स्मिथ अँड वेसन व्हिक्टरीही त्याच काडतुसाचे. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने ज्यांना मोल, तीच बहुतेक सामान्य परवानाधारकाच्या हाताबाहेर. उलट .३२ चे साधे वेब्ली परवान्यावर चालते आणि खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ शिक्का असलेली काडतुसे त्यात जातात. परदेशातून हत्यारे आणणे सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे जुन्या विलायती .३२ ला इथे इंग्लंडपेक्षा कितीतरी पट भाव मिळतो. ज्याच्याकडे दोनच जागा आहेत, तो त्यातली एक शोभेच्या वस्तूसाठी अडवत नाही. थोडक्यात, आपल्या बाजारात सामान्य वस्तू महाग आणि दुर्मिळ वस्तू बेगिऱ्हाईक. परदेशी दरपत्रक उघडून इथल्या हत्याराची किंमत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

बोर ठरवताना नळीवर कोरलेला आकडा पुरत नाही. चक्रीच्या भोकाचे माप व्हर्नियरने घ्यावे लागते. .३२ च्या काडतुसाची नळकांडी सुमारे ८.६ मिलीमीटर, .३८० ची ९.८, .४५५ ची १२.२. भोक त्याहून किंचित मोठे. खरी डोकेदुखी .३८ स्पेशल या अमेरिकन काडतुसाची, कारण त्याची नळकांडी ९.६ मिलीमीटर आणि .३८० शी फरक पाव मिलीमीटरहूनही कमी. युद्धानंतर अनेक व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरांची भोके .३८ स्पेशलसाठी खोल केली गेली. पुढे लांबी मिळाली, पण मागचा भाग आधीच रुंद असल्याने गोळी उडाल्यावर नळकांडी फुगते, कधी चिरते. अशा नगाची संग्राहकी किंमत कोसळते आणि बोरचा प्रश्न लटकतो तो वेगळाच. निर्णय शेवटी परवाना प्राधिकाऱ्याचा. शंका असेल तर पोलीस नमुना कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवतात.

असाच प्रकार वेब्ली मार्क सहाचा. अमेरिकेत .४५५ ची काडतुसे मिळेनात म्हणून चक्रीची मागची बाजू घासून तिथे .४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस अर्धचंद्राच्या क्लिपमध्ये बसवायची पद्धत पडली. .४५५ चा दाब अंदाजे १३ हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .४५ एसीपीचा २१ हजारांपर्यंत. चक्री फाटल्याची उदाहरणे आहेत. चक्री मागून पाहिली की घासलेली बाजू कळते: तिथला नंबर अर्धा कापलेला असतो किंवा नसतोच.

आता मुख्य तपासणी. ती मालकाच्या किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या उपस्थितीत, चक्री रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून. दुरुस्ती किंवा चाचणी परवाना नसलेल्या माणसाने करायची नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मुंबईच्या बोलीत 'घोडा' म्हणजे अख्खे हत्यार, पण इथे घोडा म्हणजे मागे ओढायचा तो भाग. रिकाम्या चक्रीवर घोडा आपटू नये. जुन्या वेब्लीच्या घोड्याचे टोक ठिसूळ असते. ते तुटले तर मूळ सुटा भाग मिळत नाही आणि नव्याने घडवलेला बसवला की 'सगळे भाग मूळ' हे शब्द कायमचे गेले.

पहिली नजर नंबरांवर. वेब्लीत फ्रेमवरचा आणि चक्रीवरचा नंबर जुळला पाहिजे. स्मिथ अँड वेसनमध्ये मुठीच्या बुडाशी, चक्रीच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या बाजूला आणि उजव्या मुठीच्या लाकडाच्या आतल्या अंगालाही तोच नंबर सापडायला हवा. टोपीवाल्या, म्हणजे काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि ठिणगीची टोपी लागणाऱ्या, जुन्या कोल्टमध्ये नळी, फ्रेम, चापाची कडी, मुठीचा पट्टा, इतकेच काय, नळी अडकवायच्या पाचरीवरही नंबर असतो. ही पाचर अंगठ्याच्या पेराएवढी आणि तीच सर्वांत आधी हरवते. पाचर वेगळ्या नंबराची असेल तर थोडी किंमत उतरते, चक्री वेगळी असेल तर भरपूर. नंबर जुळवण्यासाठी कोणी नव्याने ठोकले असतील, तर त्या हत्यारापासून लांब राहावे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडणे, बदलणे किंवा खोटे ठोकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ओळखायची खूण सोपी: कारखान्याने ठोकलेला अंक झळाळी चढण्याआधीचा, म्हणून त्याच्या तळाशीही तोच रंग. नंतर ठोकलेल्या अंकाच्या तळाशी उघडे लोखंड किंवा बाजारी काळा रंग दिसतो, आणि अंकांची उंची व ओळ हलते.

त्यानंतर झळाळी, आणि इथे घाई चालत नाही. दहा पटींचे भिंग घ्या. हत्यार खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, ट्यूबलाइटखाली नको. प्रथम अक्षरे पाहा. मूळ ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात आणि ठोकताना बाजूला सरकलेल्या लोखंडाची बारीक उचल नखाला लागते. बफच्या चाकावर घासलेल्या हत्याराची अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत होतात. मग स्क्रूची भोके: मूळ भोकाची कड सरळ उतरते, घासलेल्याची बशीसारखी आत वळते, कारण बफचे कापड भोकात शिरताना कड खाते. नळीचे अष्टकोनी पैलू गोलावलेले, फ्रेमचे सपाट अंग किंचित लाटेसारखे. आणि निर्णायक खूण गंजाच्या खड्ड्यांची. झळाळी मूळ असेल तर खड्डा ती खाऊन खाली गेलेला असतो, म्हणून तळ तपकिरी किंवा करडा. खड्ड्याच्या तळाशीही चकचकीत निळा-काळा रंग दिसला, तर समजावे की आधी गंज चढला आणि रंग मागाहून आला. खड्डा कधी खोटे बोलत नाही.

आपल्याकडे निकेलचे किंवा क्रोमचे पाणी चढवून घेण्याची हौस मोठी. सणाला पितळी समया घासायच्या, तसेच हत्यार 'नवे' करून घ्यायचे. कारखान्यातून निकेल चढून आलेली रिव्हॉल्व्हरेही असतात, पण त्यांची स्मिथ अँड वेसनमधली ओळख अशी की घोडा आणि चाप यांना निकेल नसते, त्यांवर भट्टीत कडक करताना उमटलेले ढगाळ निळे-तपकिरी रंग असतात. घोड्यालाही चकाकी आली असेल तर ती गल्लीतल्या कारागिराची. नव्याने निळाई चढवणारे बहुधा कॉस्टिक आणि नायट्रेटच्या क्षाराच्या उकळत्या, साधारण १४० अंशांच्या पाण्यात बुडवतात. ही पद्धत मुख्यतः १९३० नंतरची. त्याआधीच्या हत्यारावर सगळीकडे सारखा, शाईसारखा काळा रंग दिसला की साल आणि रंग यांचे जमत नाही. पाणी चढवलेल्या हत्याराला संग्राहक आमच्या अंदाजाने निम्मीही किंमत देत नाही, बरेचदा त्याहून कमी. कळकट पण मूळ असलेला नग त्यापेक्षा केव्हाही बरा.

झीज कुठे आहे, तेही पाहावे. खरी झीज कातडी म्यानाने आणि तळहाताने होते: नळीच्या तोंडाची कड, चक्रीचे उंच भाग, मुठीच्या मागचा पट्टा. वापरात बोट लागणार नाही अशा जागी रंग उडाला असेल आणि नळीचे तोंड मात्र करकरीत असेल, तर ती झीज कोणीतरी बसून केली आहे. स्क्रूच्या डोक्याची खाच मूळची अरुंद असते. रुंदावली असेल तर चुकीच्या पेचकसाने आतवर कोणी तरी गेले होते. जुन्या हत्यारांसाठी अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची श्रेणी आहे. तिच्यात 'एक्सलंट'ला मूळ झळाळी ८० टक्क्यांहून अधिक लागते, 'फाइन'ला ३० टक्क्यांहून अधिक. या दोन शब्दांत भाव कितीतरी बदलतो, म्हणून विक्रेत्याचे विशेषण न ऐकता टक्के विचारावेत आणि ते स्वतः मोजावेत.

यंत्र तपासायचे ते असे. घोडा अंगठ्याने सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी चक्रीने खाचेत कडक बसले पाहिजे. घोडा अडकला आणि चक्री अजून बोटाने पुढे ढकलावी लागते, तर चक्री फिरवणारी आतली खिट्टी झिजली आहे. चक्री आणि नळीच्या मागच्या तोंडातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. ०.१० ते ०.२० मिलीमीटर चांगली. पाव मिलीमीटरच्या पुढे गेली की वापर भरपूर झाला. वेब्ली आणि एन्फील्ड मधोमध मोडून उघडतात, तिथे वरच्या कडीशी नळी वरखाली डगमगते का, ते दोन्ही हातांनी तपासा. ही डगमग बिजागरीची आणि तिच्यावर पूर्ववत होईल असा इलाज नाही. नळीचे आटे आरशाने बघा, पण त्याला फार भाव देऊ नका. जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. उडाल्यावर त्याचे मिठासारखे क्षार उरत, आणि कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात नळी खड्ड्यांनी भरत असे. संग्राहक नळीतले खड्डे माफ करतो, बाहेरचे पॉलिश नाही. नेमबाजाचे उलट. म्हणून हत्यार पाहणारा माणूस कोणत्या बाजूचा, ते आधी विचारावे.

काही ओळखी लक्षात ठेवण्यासारख्या. ब्रिटिश लष्कराची मालकी बाणाच्या टोकासारख्या चिन्हाने दाखवतात. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर माल लष्करातून रीतसर विकून टाकलेला. असे नग खासगी हातात असणे स्वाभाविक. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या प्रूफ हाउसांचे (हत्यार दाब सोसते का ते तपासणाऱ्या संस्थांचे) मुकुटाखालचे शिक्के १९०४ च्या सुमारास बदलले, त्यावरून सालाचा अंदाज येतो. बेल्जियमच्या लिएजची खूण अंडाकृतीत ईएलजी, तिच्यावर मुकुट १८९३ पासून. ज्या 'ब्रिटिश बुलडॉग'वर फक्त हा शिक्का आहे तो इंग्लंडचा नाही. असे बेल्जियन आणि स्पॅनिश नग इथे बरेच निघतात आणि त्यांची संग्राहकी किंमत थोडी. अमेरिकन .३२ चे स्वस्त मोडणारे रिव्हॉल्व्हरही तसेच. त्यांतले बरेच काळ्या दारूच्या आखूड काडतुसासाठी बनलेले, आजची दारू त्यांना सोसत नाही. एन्फील्ड नंबर दोनमध्ये अंगठ्यासाठी शेपूट असलेला घोडा मूळ मार्क एकचा. बरेच नग नंतर कारखान्यात नेऊन बिनशेपटीचे करण्यात आले आणि मार्कापुढे तारा ठोकला गेला. म्हणून न बदललेला मार्क एक कमी सापडतो. आणि म्हणूनच ताऱ्यावाल्या फ्रेमवर शेपटीचा घोडा चढवून तो मार्क एक म्हणून विकायलाही येतो.

सगळ्यात मोह पाडणारे हत्यार म्हणजे वेब्ली-फॉसबेरी. याचा जनक जॉर्ज फॉसबेरी हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या फौजेतून आलेला, १८६३ च्या अंबेला मोहिमेतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला अधिकारी. धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, चक्रीवरच्या नागमोडी खाचेत एक खुंटी फिरते आणि चक्री आपोआप पुढच्या भोकावर येते. १९०१ पासून पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत पाच हजारांच्या आतच बनले. .४५५ चा सहा गोळ्यांचा, आणि त्याहून फार कमी .३८ चा आठ गोळ्यांचा. तो पाहताना खाचेच्या वळणाच्या कोपऱ्यावर भिंग धरावे. खुंटी तिथे धडकते, त्यामुळे कोपरा झिजला की चक्री अर्धवट फिरते. चिखल आणि धुळीपुढे हे यंत्र हार मानी. फॉसबेरी आहे असे सांगणारे बरेच भेटतात, पण चक्रीवर ती नागमोड नसेल तर फॉसबेरी नाही. त्याला दुसरी कुठली चाचणी लागत नाही.

पेटी आणि साहित्याने भाव चढतो, पण तिथेच फसवणूकही होते. विलायती पेटीत हिरवा किंवा लाल बनात, प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा: तेलाची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, दारूची कुपी, टोप्यांची डबी, साफ करायची सळई. रिव्हॉल्व्हर उचलून कप्प्याकडे पाहा. शतकभर एकाच जागी पडलेल्या हत्याराचा ठसा बनातीत उमटलेला असतो, घोड्याच्या टोकाखाली आणि नळीच्या तोंडाखाली रंग गडद. ठसा नसेल, किंवा ठसा चार इंची नळीचा आणि हत्यार सहा इंची, तर पेटी दुसरीकडून आली. नळीवर 'आर्मी अँड नेव्ही सीएसएल' असेल, तर ते कोऑपरेटिव्ह सोसायटीच्या दुकानातून अधिकाऱ्याने स्वतः घेतलेले. तिची लंडनची पेढी १०५ व्हिक्टोरिया स्ट्रीटला होती आणि मुंबईची इमारत काळा घोड्याजवळ अजून त्याच नावाने ओळखली जाते. कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन, मद्रासच्या पी. ऑर या पेढ्यांची नावेही किंमत वाढवतात. रॉडाचे नाव तर १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी पळवलेल्या ५० माउझर पिस्तुलांमुळे इतिहासात गेले, म्हणून नंतर कोरलेली 'रॉडा' अक्षरे निघतात. अक्षरांच्या तळाशी रंग आहे का, ही वरचीच चाचणी इथेही लावावी. मुठीला हस्तिदंत असेल तर तो भाग किमतीत धरूच नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, त्यामुळे तो विक्रीत अडचणच ठरतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. विलायतेच्या लिलावात पाठवून देतो, असे सांगणाऱ्या दलालाला इथेच थांबवावे.

घरात पेटीत रिव्हॉल्व्हर निघाले तर ते उचलून रिक्षाने पोलीस ठाण्यात नेऊ नका, मित्राला फोटोही पाठवू नका. जागीच ठेवून नजीकच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोलिसांना बोलवा, पंचनामा होऊ द्या. घरातल्या मृत व्यक्तीचा परवाना होता का, ते जुन्या कागदांत शोधा. असेल तर शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असून सत्तरीला पोचला असेल, किंवा त्याच्याकडे शस्त्र २५ वर्षे असेल, तरी तो वारस नेमू शकतो. मात्र दोन शस्त्रांची मर्यादा वारसालाही लागू आहे. तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे जमा राहते. पुढे विकायचे झाल्यास खरेदीदाराचे नाव-पत्ता कळवून ४५ दिवस थांबावे लागते. जमा करताना, निवडणुकीच्या काळात जमा करतानाही, पावतीवर नंबर, बोर, नळीची लांबी आणि 'झळाळी अमुक टक्के, मुठीला तडा नाही' असे शब्द आग्रहाने लिहून घ्या. आढळलेला गंज आधीचा की नंतरचा, हा वाद मग होत नाही.

परवाना असलेल्यांसाठी जाता जाता. ठाण्याच्या खाडीवरून येणाऱ्या हवेत जून ते सप्टेंबर हत्यार कातडी म्यानात ठेवू नये. कातडे कमावताना वापरलेले क्षार आणि ओल एकत्र आली की पंधरवड्यात निळाईवर ठिपके पडतात. पातळ खनिज तेलाचा हलका हात पुरेसा. खोबरेल किंवा तिळाचे तेल खवट होऊन चिकटते आणि यंत्र बसते. पितळी कडी चिंच-मिठाने घासू नये, शंभर वर्षांची मातकट छटा त्याने पाच मिनिटांत जाते. सिलिका जेलची पुडी ठेवून रंग बदलला की तापवून वाळवा. हाताळल्यावर बोटांचे ठसे लगेच पुसा, घामातले मीठ दुसऱ्याच दिवशी रंग काढू लागते.

आपणास विनंती एवढीच की लिलावाची बातमी छापताना मॉडेल, किती बनले, मूळ झळाळी किती आणि प्रीमियम धरून का न धरता, या चार गोष्टी जमल्यास द्याव्यात. ठाणे आणि नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनाही विनंती आहे की बेवारस जमा झालेली जुनी शस्त्रे नष्ट करण्याआधी वस्तुसंग्रहालयाच्या जाणकाराला मालखान्यात तासभर ती पाहू द्यावीत. वेब्लीचा ठसा आणि ब्रिटिश बाण असलेल्या नगाला फडक्याशिवाय दुसरे काही न लावण्याची सूचना मालखान्याच्या कारकुनापर्यंत पोचली, तर फारच बरे.

आपले,
जुन्या शस्त्रांचे दोन अभ्यासक,
नौपाडा, ठाणे (प.)